दोन प्रश्न विचारा, मग जेवायला बसा

नागपुरात पाहुणे आले की दुसऱ्या दिवशी हमखास विचारतात, "तुमच्या नागपूरचे खास काय खायचे?" आपण एका दमात तर्री-पोहे, सावजी रस्सा, मोमिनपुऱ्याची बिर्याणी, संत्रा बर्फी अशी यादी सांगून टाकतो. यादी बरोबरच आहे. पण अम्मी, फुफी, सुना, लेकी असे सगळे घर सोबत घेऊन निघालो की ती पुरत नाही. काही ठिकाणी मटण कोणत्या दुकानातून येते हे विचारावे लागते. जिथे ते विचारण्याची गरजच नसते, त्या आपल्याच मोहल्ल्यातल्या हॉटेलात दुसरा प्रश्न पुढे येतो. घरातल्या बायकांनी बसायचे कुठे?

नागपुरातल्या स्थानिक मालकीच्या खानावळी आणि हॉटेले या दोन प्रश्नांच्या आधाराने पाहू. स्थानिक मालकीची अशासाठी, की तिथे गल्ल्यावर मालक किंवा त्याचा मुलगा बसलेला असतो. विचारले तर उत्तर देणारा माणूस समोर असतो. मॉलमधल्या मोठ्या कंपनीच्या हॉटेलात वाढणाऱ्या मुलाला बिचाऱ्याला मांस कुठून आले हे ठाऊकच नसते. तो भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवतो.

विणकरांच्या शहराची चव

नागपूरच्या झणझणीत जेवणाचे मूळ शोधायचे तर हातमागाकडे जावे लागते. भोसल्यांच्या काळापासून हे विणकरांचे शहर. हलबा कोष्टी समाज इथे लुगडी आणि धोतरे विणत असे. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानातून मोमिन विणकरांची कुटुंबे कामठी आणि नागपुरात येऊन वसली. मोमिनपुरा हे नाव त्यांच्यावरूनच पडले. 1 जानेवारी 1877 रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीच्या कापडापुढे हातमागाची बाजारपेठ आटत गेली. पुढे यंत्रमाग आले. नंतर गिरणीचा भोंगाही बंद झाला.

मागावरची कमाई घटली तेव्हा स्वयंपाकघराने घरे सावरली. कोष्टी घरांतल्या बायकांच्या हातच्या तिखट रश्श्याला गिऱ्हाईक मिळाले आणि राहत्या घराच्या पुढच्या खोलीत खानावळी निघाल्या. याच सावजी खानावळी. मोमिनपुऱ्यातही देग, तवा आणि शेगडी यांवर अनेक घरांचा खर्च चालू लागला.

टिमकी-गोळीबार चौकाचा भाग आणि मोमिनपुरा एकमेकांना लागून आहेत. एकीकडे सावजी, दुसरीकडे बिर्याणी आणि मध्ये पायी चालण्याइतके अंतर. दोन्ही वस्त्यांनी एकच धंदा केला, एकाच मंदीचा मार खाल्ला आणि दोन्हीकडे चुलीनेच आधार दिला. तरी कितीतरी नागपूरकर एका बाजूला वर्षानुवर्षे जेवतात आणि दुसऱ्या बाजूला एकदाही जात नाहीत. अडचण अंतराची नाही, विचारण्याच्या संकोचाची आहे.

निर्धास्त खाण्यासारखे

सुरुवात सोप्यापासून करू. नागपूरची सकाळ तर्री-पोह्यांची. कस्तुरचंद पार्कजवळच्या टपरीचे नाव सगळ्यांना माहीत आहे, पण खरे तर प्रत्येक चौकाची आपली एक गाडी असते. पिवळ्या पोह्यांवर काळ्या चण्यांचा लालभडक रस्सा ओततात, वर कांदा, शेव किंवा चिवडा आणि लिंबाची फोड. हा रस्सा म्हणजे तर्री. पदार्थ शाकाहारी, ठिकाण उघड्यावर आणि गर्दी सगळ्या जातिधर्मांची. मुले सोबत असतील तर "तर्री वेगळी द्या" म्हणावे, म्हणजे ज्याला सोसेल तेवढी त्याने घ्यावी. बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन सकाळी लवकर जावे. उशीर झाला की कढईच्या तळाशी चणे कमी आणि तेल जास्त उरते.

बसून, ताटात वाढून घेऊन विदर्भाचे जेवण जेवायचे असेल तर विष्णू मनोहर यांची 'विष्णुजी की रसोई' आहे. पूर्ण शाकाहारी असल्याने पहिला प्रश्न उरत नाही आणि कुटुंबांसाठीच मांडलेली असल्याने दुसराही नाही. पाटोडी, गोळाभात, वडाभात, सांबारवडी हे आपल्याकडचे पदार्थ मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना नवे असतात. त्यांना एवढे मात्र आधी सांगावे, की नागपुरात सांबार म्हणजे इडलीबरोबरचे नव्हे, कोथिंबीर. हिवाळ्यात कोथिंबीर स्वस्त झाली की सांबारवडी सर्वांत चांगली मिळते.

गोडासाठी संत्रा बर्फी. हल्दीरामचे कुटुंब मूळ बिकानेरचे, पण त्यांचा नागपूरचा धंदा इथेच वाढला आणि आज ते नाव जगभर गेले आहे. तरीही जवळच्या जुन्या मिठाईवाल्याकडची बर्फी एकदा चाखून पाहावी. संत्र्याच्या हंगामात, ताज्या गराची असेल तर तिला किंचित आंबटपणा असतो. खरी-खोटी ओळखायची ती खूण.

आणि लंबी रोटी. ती पाहायलासुद्धा जावे. लोकवन गव्हाचे पीठ अगदी सैल भिजवतात. मग ते हातावर आपटून, कोपरापर्यंत झुलवत लांबवतात आणि पेटत्या चुलीवर पालथ्या घातलेल्या मडक्यावर टाकतात. रोटी रुमालासारखी पातळ होते. हे काम करतात त्या बायका. धुरात तासन्‌तास उभ्या राहून, कोणत्याही शिक्षणसंस्थेत न मिळणारी कला त्या सांभाळून आहेत. लग्नाच्या पंगतीपासून सावजीच्या ताटापर्यंत ही रोटी चालते. घरी मटण शिजवून रोट्या मात्र त्यांच्याकडून आणल्या तर घरातल्या बाईची एक संध्याकाळ सुटते.

सावजीकडे पहिला प्रश्न

सावजीच्या मसाल्यात बत्तीस जिन्नस असतात असे लोक सांगतात. प्रत्येक घराचा आकडा वेगळा आणि प्रत्येक घर तो झाकून ठेवते. पण धणे, खसखस, सुके खोबरे, दगडफूल, काळी मिरी, लवंग, वेलची हे वेगवेगळे भाजून वाटायचे, ही पद्धत सगळीकडची. जुन्या पद्धतीत जवसाचे तेल वापरत. रस्सा काळपट, वर तेलाचा तवंग. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी येते आणि तरी हात थांबत नाही.

इथे आपला प्रश्न हलालचा. नागपुरात मटणाची दुकाने दोन प्रकारची आहेत. कुरेशी बांधवांची दुकाने हलालची आणि हिंदू खाटीक समाजाची बहुधा झटक्याची. खानावळवाला दोहोंपैकी कुठूनही घेऊ शकतो, बहुतेकदा ज्याच्याशी जुना व्यवहार आहे त्याच्याकडून. म्हणून पाटीवरून किंवा मालकाच्या आडनावावरून अंदाज बांधू नये, सरळ विचारावे. "दादा, मटण कुठून घेता? आम्ही हलालच खातो." एवढेच. आवाजात संशय नको आणि अपराधीपणाही नको. उपवास असलेला माणूस "यात कांदा-लसूण आहे का?" असे विचारतो तेव्हा कोणाला राग येत नाही. हा प्रश्नही तसाच आहे.

उत्तर "हो, अमुक भाईंच्या दुकानातून" असे आले तर समाधान. "नाही" आले तर आभार मानावेत, कारण खरे सांगणारा मालक ही मोठी गोष्ट आहे. मग उठून जावे असेही नाही. पाटोडी रस्सा, डाळकांदा, वांग्याची भाजी, शेवभाजी हे सावजीचे शाकाहारी पदार्थ चवीला कमी नाहीत. मात्र तेव्हा आणखी एक गोष्ट विचारावी, "भाजीचा रस्सा वेगळा शिजतो ना? डाव वेगळा आहे ना?" काही ठिकाणी एकच रस्सा सगळीकडे फिरतो, हे शाकाहारी हिंदू कुटुंबेही जाणतात आणि तीही हेच विचारतात.

काही सावजी खानावळींत दारू पिणाऱ्यांची बैठक असते. बसण्याआधी एकदा आत नजर टाकावी. ज्या खानावळीत मालकीणबाई स्वतः वाढतात, तिथले वातावरण बहुधा घरच्यासारखे असते. पोटाचे दुखणे असणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी मात्र सावजीपासून थोडे जपून राहावे.

ज्यांचे मन कुठेच भरत नाही त्यांच्यासाठी तिसरा मार्ग आहे. तयार सावजी मसाला बाजारात मिळतो. आपल्या ओळखीच्या दुकानातून मटण आणावे आणि घरी करावे. कांदा चांगला काळपट होईपर्यंत भाजावा आणि रस्सा दाट करायला थोडे ज्वारीचे पीठ लावावे. चव बरीच जवळ येते.

मोमिनपुऱ्यात दुसरा प्रश्न

मोमिनपुऱ्यात शिरलो की पहिला प्रश्न संपतो. जामा मशिदीच्या भोवतालच्या गल्ल्यांत देगेची बिर्याणी, सीख कबाब, तंगडी, पाया, नहारी, फिरनी. बब्बू हॉटेलचे नाव तर शहराच्या दुसऱ्या टोकालाही ठाऊक आहे. लहान हॉटेलांच्या दारावर "बडे" आणि "छोटे" असे दोन शब्द दिसतात. छोटे म्हणजे बकऱ्याचे. बडे म्हणजे मोठ्या जनावराचे. 2015 पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे बडे म्हणजे आता म्हैसवर्गीय जनावराचेच. मजुरी करणाऱ्या माणसाचे पोटभर आणि स्वस्त जेवण या "बडे"वरच चालत आले आहे. कायदा बदलला तेव्हा त्याची झळ पहिल्यांदा लागली ती कुरेशींच्या दुकानांना आणि या लहान हॉटेलांना.

हे सगळे चविष्ट, हलाल, आपल्या घराजवळचे. मग या हॉटेलांच्या बाकांवर आपल्या घरातल्या बायका किती दिसतात?

मी शिक्षिका आहे. शाळेतल्या मराठी सहकारी भगिनी दरवर्षी म्हणतात, "मॅडम, एकदा आम्हाला मोमिनपुऱ्यात घेऊन चला." त्यांना घेऊन जाताना मला चवीची काळजी नसते. काळजी असते ती या सात-आठ जणींना कुठे बसवायचे याची. एकदा एका हॉटेलात "फॅमिलीसाठी वर जागा आहे" म्हणून आम्हाला अरुंद जिना चढायला लावला. वर तांदळाच्या पोत्यांशेजारी दोन टेबले, पंखा नाही आणि हात धुवायला पुन्हा खालीच यायचे. बिर्याणी उत्तम होती. पण त्या जागेने सांगून टाकले होते, की तुम्ही इथे येणार हे कोणी धरलेच नव्हते.

हॉटेलवाल्याचे म्हणणेही समजून घेतले पाहिजे. जागा लहान, भाडे मोठे आणि बायका येतच नाहीत, मग टेबले अडवून का ठेवायची? आणि बायका येत नाहीत, कारण टेबले नाहीत. हा घोळ कुठेतरी तोडावा लागेल. ताजबागेकडे पाहा. बाबा ताजुद्दीन यांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांची माणसे कुटुंबासह लांबून येतात. त्या परिसरात धंदा करणाऱ्या हॉटेलवाल्याला बायका-मुलांचा विचार करावाच लागतो, कारण त्याचे गिऱ्हाईकच कुटुंब आहे. म्हणजे अडचण रिवाजाची किंवा दीनची नाही, गिऱ्हाइकीची आहे. पडद्याचा प्रश्न असेल तर एका कोपऱ्याला लाकडी आडोसा लावता येतो. तो काही महाग नसतो.

आज यावर पळवाट निघाली आहे ती मोबाइलवरून मागवण्याची. पार्सल घरी येते, बायकांनाही खायला मिळते. पण त्यात हॉटेलवाल्याच्या कमाईचा मोठा वाटा कंपनी घेते, बिर्याणी डब्यात वाफेने ओली होते आणि ताटे वाढणे-आवरणे पुन्हा घरातल्या बाईच्याच वाट्याला येते. बसायला जागा देण्याचा प्रश्न सुटत नाही, झाकला जातो. इकडे आपल्या कॉलेजला जाणाऱ्या मुली मैत्रिणींबरोबर मॉलमध्ये बसतात, कारण तिथे त्यांना कोणी जिना दाखवत नाही. मोहल्ल्यातले हॉटेल उद्याचे गिऱ्हाईक असे आजच गमावते आहे.

रमजानच्या रात्री

मोमिनपुऱ्याचे खरे दर्शन होते ते रमजानमध्ये. इफ्तारनंतर दिवे लागतात आणि तरावीहनंतर गर्दी वाढत जाते ती सेहरीपर्यंत. शेगड्यांवर कबाब, मोठ्या पातेल्यांत हलीम, तव्यावर पराठे, शेवया आणि खजुरांची दुकाने. या रात्री शहरातले हिंदू, बौद्ध, ख्रिश्चन तरुणही मुद्दाम येतात. एरवी ज्यांनी मोमिनपुरा फक्त बातमीत वाचलेला असतो, ते इथे उभे राहून कबाबवाल्याशी भावावरून घासाघीस करतात.

हे दस्तरखान किती नाजूक आहे ते दोनदा कळले. 2020 मध्ये करोनाच्या टाळेबंदीत मोमिनपुरा प्रतिबंधित क्षेत्र झाला आणि रमजान बंद दारांआड गेला. मग 17 मार्च 2025 रोजी महाल भागात हिंसाचार झाला आणि शहरातल्या अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली. तेव्हाही रमजानच होता. वर्षभराची उधारी रमजानच्या कमाईतून फेडणाऱ्या लहान विक्रेत्यासाठी तेवढे दिवसही फार असतात. नुकसान पैशाचे झालेच, पण दुसऱ्या मोहल्ल्यातून येणाऱ्याच्या मनात जी शंका शिरली तिचा हिशेब कोण करणार? ती दूर करायला भाषणे पुरत नाहीत. ओळखीच्या माणसाने हात धरून आणावे लागते. म्हणून आपल्या शेजाऱ्यांना, सहकाऱ्यांना बोलावले पाहिजे, आणि बोलावण्याआधी त्यांच्या घरातल्या बायकांना बसवण्याची सोय केली पाहिजे.

आपल्या घरातली बाई तर रोजा ठेवून दुपारपासून चुलीपाशी असते. इफ्तार मांडते, आवरते, सेहरीला पुन्हा सगळ्यांच्या आधी उठते. महिन्यातली एक तरी रात्र तिने मोमिनपुऱ्यात बसून, दुसऱ्याने वाढलेले गरम कबाब खावेत, ही फार मोठी मागणी नाही.

पाटी आणि शब्द

अलीकडे खाण्याच्या पाट्यांवरून बरेच राजकारण होते. मार्च 2025 मध्ये राज्याच्या एका मंत्र्यांनी झटका मटणाच्या दुकानांसाठी 'मल्हार' नावाचे प्रमाणपत्र जाहीर केले. त्याआधी नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तर प्रदेशात हलाल प्रमाणपत्राच्या वस्तूंवर बंदी आली होती. पाटी लावणे आणि काढणे चालूच राहील. सामान्य कुटुंबाला त्यात एवढेच कळते, की पाटी विकत घेता येते, शब्द मात्र पाळावा लागतो. एकाच जागी वीस वर्षे बसलेला मालक खोटे बोलला तर सारी वस्ती त्याला ओळखते. म्हणून ओळखीच्या माणसाचा शब्द मला पाटीपेक्षा भक्कम वाटतो. मनात तरीही शंका राहिली तर ते जेवण सोडून द्यावे आणि मसला आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावा. मालकाशी वाद घालण्यात काही हशील नाही.

कुरआनच्या पाचव्या सूरहचे नावच 'अल-माइदा', म्हणजे जेवण मांडलेला दस्तरखान. हलाल-हरामचे महत्त्वाचे हुकूम त्याच सूरहमध्ये आहेत. मला त्यातून एक समजते. काय खावे याची काळजी घेणे आणि दस्तरखान मांडून लोकांना बसवणे, या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध नाहीत.

निघण्यापूर्वी

एक पाटी मात्र जरूर पाहावी, ती अन्न परवान्याची. प्रत्येक खाद्यविक्रेत्याला मिळालेला 14 अंकी क्रमांक दुकानात दिसेल असा लावणे बंधनकारक आहे. पिण्याचे पाणी, हात धुवायची जागा आणि स्वच्छतागृह यांची चौकशी आधीच फोनवर करावी. घरातली वयस्कर माणसे सोबत असतील तर जिना आहे का हेही विचारावे. शुक्रवारी दुपारी जुम्याच्या वेळी मोमिनपुऱ्यात जाऊ नये, नमाजनंतर जावे. मोठ्या संख्येने जायचे असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवावे. बिर्याणी किलोच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे माणसे मोजून मागवली तर वाया जात नाही.

आणि जेवण झाल्यावर, पैसे देताना, मालकाला एक वाक्य सांगून यावे. आवडले असेल तर आवडले म्हणावे. जागा नीट नसेल तर तेही म्हणावे, "भाईजान, जेवण छान होते. खाली दोन टेबले कुटुंबांसाठी ठेवली तर आम्ही दर महिन्याला येऊ." हे वाक्य पुरुषांनीही म्हणावे, कारण मालक त्यांचे पटकन ऐकतो. एका कुटुंबाने म्हटले तर तो हसून सोडून देईल. दहा कुटुंबांनी म्हटले तर सुताराला बोलावील.